घरात इचारलंस?

मंडळाच्या संपादकबाईंचा फोन आला. "मेस्त्रीकाका, दिवाळी अंकाला तुमच्या नोकरीचं काहीतरी लिहा. अगदी बोलता तसं." मी म्हटलं, लिहितो, पण अट आहे. ऱ्हस्व-दीर्घ पाहिजे तेवढं सुधारा, वाक्य मात्र माझंच राहील. चौथी पास माणसाचं लिखाण वाटलं तर वाटू दे, आहेच ते. बाई हसल्या आणि हो म्हणाल्या. नाही म्हणाल्या असत्या तर मी पेन खाली ठेवलं असतं. माझा स्वभाव मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे.

तर माझी नोकरी बंदुकांच्या दुकानातली. एवढं सांगितलं की कार्यक्रमात लोक हातातल्या वड्यासकट मागे सरतात. अहो, मी लाकूडकाम करणारा माणूस! बंदुकीचा जो भाग खांद्याला लावतात तो दस्ता, तो लाकडाचा असतो. तो पडतो, चिरतो, पावसात फुगतो. तो नीट करायचा, नाहीतर नवा घडवायचा, हे माझं काम. सावंतवाडीला लाकडाची खेळणी करणारे पुष्कळ, दस्ते करणारं दुकान आबांचं. आबा माझे उस्ताद. आमच्याकडे रानडुकरं, माकडं शेतात शिरतात म्हणून शेतकऱ्यांना बंदुकीचा परवाना मिळतो. त्या बंदुका दुरुस्तीला आबांकडे यायच्या. शाळा सोडून मी जो तिथं बसलो तो उठलोच नाही.

आबांची एक पद्धत होती. दुरुस्त झालेली बंदूक न्यायला माणूस आला की ते आधी विचारायचे, "घरात इचारलंस?" म्हणजे बायकोला, आईला माहीत आहे ना, आज बंदूक घरी येतेय ते? माणूस हसून "होय, आबानू" म्हणाला की बंदूक त्याच्या हातात. पण तो गप्प राहिला, किंवा "तिका कित्याक इचारूचा?" म्हणून तडकला, की आबा बंदूक परत भिंतीला टांगायचे. "स्प्रिंग येवची आसा. फुडल्या आठवड्यात ये." स्प्रिंग कसली नि काय! बंदूक ठणठणीत असायची. तेवढ्या दिवसांत बांधावरचं भांडण निवायचं, नाहीतर घरातलं कोणीतरी हळूच येऊन आबांच्या कानावर काय ते घालायचं. परवाना कलेक्टरनं दिलेला असो, आबांना घरचा होकार लागायचाच.

माझी बायको गेली, आणि सुनंदानं, माझ्या मुलीनं, मला इथं कॅनडात, व्हिटबीला आणलं. ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्यानं उपसायचं आणि टीव्ही बघायचा, दुसरं काम नाही. एकदा ती मला बर्फाचे बूट घ्यायला गावाबाहेरच्या एका दुकानात घेऊन गेली. पुढच्या भागात काठी-दोरीसकट मासेमारीचे गळ, तंबू, बूट. मागच्या भागात शिकारीच्या बंदुका. काउंटरवर एक दुनळी बंदूक पडली होती, दस्ता उभा चिरलेला, आणि त्याला कोणीतरी काळी टेप गुंडाळली होती. टेप! माझ्या अंगावर काटा आला.

"पप्पा, हात नका लावू. चला ना, प्लीज!"

मी हललो नाही. मालक होता ग्लेन, दारात वाकून शिरावं लागेल एवढा उंच माणूस. त्याला खुणेनं सांगितलं, ही मला दे. त्यानं सुनंदाकडे बघितलं. तिनं शरमून सांगितलं की हे इंडियात हेच काम करत होते. ग्लेन म्हणाला, "मग घाबरतेस का? दुकानाच्या मागे टेबल आहे, बसू दे." मी बसलो. पुढच्या आठवड्यात सावंतवाडीहून आणलेल्या माझ्या पटाश्या आणि कानशी त्या टेबलावर होत्या.

आता नोकरी म्हटली की मलाही परवाना हवा. इथला परवाना म्हणजे आधी कोर्स, मग परीक्षा, मग फॉर्म. लेखी मला जमणार नव्हतं म्हणून मी हटून तोंडी परीक्षा मागितली आणि पास झालो. मग सुनंदा किचनमध्ये फॉर्म वाचायला लागली. ओळख सांगणारी दोन माणसं द्यायची, सरकार त्यांना फोन करणार. हल्ली काही मोठं दुःख झालंय का, नोकरी गेलीय का, हेही विचारलेलं. आणि मग ती म्हणाली, "इथं स्पाउसची सही लागते. सही नसेल तर ऑफिसवाले बायकोला स्वतः कळवतात."

मी खुर्चीवरून उठलोच! "परत वाच."

"पप्पा, तेच तर वाचलं."

"परत वाच गो!"

कॅनडा सरकार घरात विचारत होतं! शिवाय नव्या माणसाला परवाना द्यायच्या आधी काही आठवडे मुद्दाम थांबवत होतं. म्हणजे आबांची स्प्रिंग यांनी कायद्यात घालून ठेवली होती. मला इतका आनंद झाला की मी सुनंदाला आबांची सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. माझ्या फॉर्मवर ती सहीची जागा मात्र रिकामी राहिली. सुनंदानं पान उलटलं.

पण या कारभारात एक भगदाड होतं, आणि ते सगळ्या दुकानदारांना माहीत होतं. परवान्याचं कार्ड मिळतं, फोटोवालं, काही वर्षं चालणारं. मधेच माणसाचं काही बिनसलं तर सरकार परवाना रद्द करतं. पण कार्ड तर खिशात राहतं ना! पिस्तूल विकताना फोन करून मंजुरी घ्यावीच लागायची. शिकारीच्या लांब बंदुकीला मात्र तेव्हा सक्ती नव्हती. कार्ड बघा, फोटो बघा, तारीख बघा, द्या बंदूक. विचारायचं असेल तर सरकारचा नंबर होता, पण विचारतो कोण?

त्या दिवसांत राजधानीत, ओटावात, नव्या कायद्याची बोलणी चालू होती, की प्रत्येक बंदुकीला फोन सक्तीचा करायचा आणि माणसाचं मागचं सगळं आयुष्य तपासायचं. दुकानात गिऱ्हाइकं त्यावर तावातावानं बोलायची. मी ग्लेनला म्हटलं, "कायदा येईल तेव्हा येईल. आपण आजच सुरू करू."

"मेस्त्री, गिऱ्हाईक पळेल. हायवेवरचं मोठं दुकान पाच मिनिटांत बंदूक देतं."

"पळू दे."

"तुला काय जातंय म्हणायला!"

"माझ्या पटाश्या जातात. फोन नाही तर मी पण नाही."

खरं म्हणजे मी गेलो असतो तर ग्लेनचं दुकान बुडलं नसतं. पण मी तीन दिवस टेबलावर हात ठेवून नुसता बसून राहिलो, एका दस्त्याला हात लावला नाही. शेवटी ग्लेनच आला. "हरणाच्या शिकारीच्या सीझनपुरतं करून बघू. गिऱ्हाईक तुटलं तर फोन बंद. आणि फोन तूच करायचास." माझं इंग्रजी म्हणजे आकडे आणि चार शब्द. मी म्हटलं, आकडेच तर सांगायचे आहेत!

मुहूर्त मी ठरवला, दसरा. आम्ही मेस्त्री लोक दसऱ्याला हत्यारं पुजतो. सुनंदाकडून ब्रॅम्प्टनच्या इंडियन दुकानातून झेंडू मागवले. सकाळी काउंटरवर पाट, त्यावर रंधा, पटाश्या, कानशी आणि मधोमध नवा कोरा फोन, स्पीकरवाला. हळद, कुंकू, अक्षता. ग्लेन टोपी काढून उभा राहिला. नारळ त्याच्याच हातून दारात फोडला. पहिल्याच घावाला फुटला तर पोरासारखा ओरडला!

आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते फ्रँक. ग्लेनचा शाळेपासूनचा मित्र, शेतकरी, जिभेला धार. त्याला नवी रायफल हवी होती. मी म्हटलं, भवानीचं गिऱ्हाईक! त्याचं कार्ड घेऊन पाटावर फोनशेजारी ठेवलं आणि त्यालाही हळदकुंकू वाहिलं.

फ्रँक बघतच राहिला. "ग्लेन, तुझा माणूस फोटोतल्या माझ्या तोंडाला काय फासतोय?"

"आशीर्वाद आहे. गप उभा राहा."

मी फोन लावला. स्पीकरवर सरकारी बाईचा आवाज आला. दुकानाचा नंबर सांगितला, मग कार्डावरचा एकेक आकडा मोठ्यानं वाचला. थोडा वेळ टकटक ऐकू आली. मग बाई म्हणाली, "सर, या नंबरचा परवानाच नाही."

फ्रँकचं तोंड कुंकवापेक्षा लाल झालं. तो मला, ग्लेनला, ओटावाला आणि माझ्या नारळाला जे बोलला ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. कार्ड तिथंच टाकून तो तरातरा बाहेर निघून गेला. ग्लेननं कपाळ धरलं. मी कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेलं. ओलं कुंकू एका आकड्यावर वाळून बसलं होतं. मी तीन वाचला होता, खाली आठ होता!

मी धावलो. पार्किंगमध्ये फ्रँकचा ट्रक सुरू झाला होता, मी त्याच्यापुढे आडवा उभा राहिलो. अंगठ्यानं कार्ड पुसून दाखवलं. हात धरून त्याला आत आणलं, परत फोन लावला. बाई म्हणाली, "परवाना चालू आहे, सर."

"बघ!" मी फ्रँकला म्हटलं. "चुकीच्या नंबरला फोननं बंदूक दिली नाही. म्हणजे फोन बरोबर आहे!"

फ्रँक असा हसला की त्याला काउंटरला धरून उभं राहावं लागलं. रायफल घेऊन गेला आणि गावभर सांगत सुटला की ह्या दुकानानं नापास केलेला पहिला माणूस मीच. त्या दिवसापासून दुकानात एक नवं बोलणं सुरू झालं. फोनला जरा उशीर लागला की रांगेतून कोणीतरी ओरडायचं, "मेस्त्री, कार्ड पूस!"

काही गिऱ्हाइकं तुटली, खोटं कशाला सांगू. पण बरीच गंमत म्हणून थांबायची. बाई "चालू आहे" म्हणाली की रांग टाळ्या वाजवायची. आणि दस्ता परत देताना मी पहिल्यापासून विचारायचो तो आबांचा प्रश्न आता फोन लावण्याआधीही विचारायचो, मालवणीतच. सगळ्यांना त्याचा अर्थ पाठ झाला होता. कोणी म्हणायचं, तिनंच पाठवलंय. कोणी म्हणायचं, मी नसलो की तिला बरं वाटतं. रोज सकाळी मी लग्नघरी निघाल्यासारखा निघायचो. सुनंदा म्हणायची, "पप्पा, इट्स जस्ट अ फोन कॉल." तिला काय कळणार!

मग रॉय आला. सीझन सुरू व्हायच्या आधीचा शनिवार, दुकान भरलेलं. रॉय गाड्यांच्या कारखान्यात होता. ग्लेनच्या दुकानात वर्षानुवर्षं येणारा, सगळ्यांचा लाडका. आला की डोनटचा डबा आणायचा आणि "मेस्त्री, तू आधी" म्हणायचा. त्याच्या आजोबांच्या बंदुकीला मी अक्रोडाचा दस्ता घडवून दिला होता, माझ्या हातचं त्या दुकानातलं सगळ्यात देखणं काम. या खेपेला बऱ्याच महिन्यांनी आला होता, आणि डबा नव्हता.

त्यानं भिंतीवरची एक रायफल दाखवली. "ती दे. आणि काडतुसांची एक पेटी."

मी खाली काढली. शिकारी माणूस बंदूक हातात आली की खांद्याला लावून बघतो, नळीतून बघतो, वजन कमी आहे म्हणतो, किंमत जास्त आहे म्हणतो. रॉयनं हातसुद्धा लावला नाही.

"आजोबांची कुठंय?" मी विचारलं.

"विकली."

ती विकणारा माणूस तो नव्हता. मी म्हटलं, "घरात इचारलंस?"

एरवी तो म्हणायचा, "डोना बॉस आहे, तिनं हो म्हटलंय." डोना त्याची बायको. आज म्हणाला, "रांग आहे मागे. उरक."

फोन लावला. आकडे वाचले. टकटक झाली. बाई म्हणाली, "परवाना चालू नाही, सर."

सगळं दुकान हसलं! "कार्ड पूस, मेस्त्री!" फ्रँक मागून ओरडला. रॉयही हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. "हो रे, तुझी ती पावडर असेल," तो म्हणाला. ग्लेन दुसऱ्या काउंटरवरून म्हणाला, "मेस्त्री, रॉयला मी किती वर्षं ओळखतो. चूक तुझीच असणार. दे आणि पुढचा घे."

कार्डावर कुंकवाचा कणही नव्हता. दसरा कधीच होऊन गेला होता. पण ते कोणाला सांगणार? सगळ्यांना माझी ती चूक आठवत होती, आणि मलाही. मग मी रायफल उचलून मागच्या कपाटात ठेवली, किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि म्हटलं, "फ्रँक, इकडे ये. तुझे डोळे माझ्यापेक्षा तरुण आहेत."

सगळ्यांसमोर मी लाकडाचं पॉलिश काढायच्या स्पिरिटनं ते कार्ड दोन्ही बाजूंनी पुसलं. परत फोन लावला. या वेळी फ्रँकनं आकडे वाचले, सावकाश, दोनदा. बाईचा आवाज बदलला. "सर, हा परवाना रद्द आहे. बंदूक देऊ नका. तो माणूस अजून तिथं आहे का?"

कोणी हसलं नाही. फ्रँकनं कार्ड काउंटरवर इतक्या हळू ठेवलं की जणू ते फुटेल. रॉय दाराकडे बघत होता. तेव्हा ग्लेन काउंटरच्या बाहेर आला, त्यानं रॉयच्या खांद्यावर हात टाकला आणि एवढंच म्हणाला, "चल, मागे कॉफी घेऊ." माझ्या टेबलाजवळ, भुशाच्या ढिगाशेजारी ते दोघं बसले. फोनवरच्या बाईनं सांगितल्यावर पोलीस आले, पण ते गोंगाट न करता आले. तोवर रॉय रडून मोकळा झाला होता. मी पुढे काउंटरवर उभा होतो. फ्रँक रांगेतल्या लोकांना म्हणाला, "काय बघताय? कार्डं तयार ठेवा."

नंतर डोना ग्लेनला भेटून गेली तेव्हा सगळं समजलं. कारखान्यातनं रॉयची नोकरी गेली होती. तो तासन्‌तास गॅरेजमध्ये बसायचा आणि नको नको ते बोलायचा. तिनंच सरकारच्या नंबरला फोन केला होता. घरातल्या बंदुका पोलिसांनी नेल्या, आजोबांचीसुद्धा. परवाना रद्द झाला. कार्ड मागितलं तेव्हा त्यानं हरवलं म्हणून सांगितलं होतं. तिला वाटत होतं, आपण नवऱ्याचा घात केला. ग्लेन तिला काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. पण जाताना ती माझ्या टेबलापाशी थांबली. मी दस्ता घासत होतो. घासलेल्या लाकडावरून तिनं एकदा बोट फिरवलं आणि गेली.

सीझन संपला. फोन बंद कर असं ग्लेन म्हणाला नाही. उलट मोठ्या आकड्यांचा नवा फोन आणला. पुढे काही वर्षांनी कायदाही झाला आणि सगळ्या दुकानांना तेच करावं लागलं. तोवर ग्लेननं दुकान विकलं होतं आणि मी घरी बसलो होतो. पण मी छाती ठोकून सांगतो, आमच्याकडे आधी झालं! मला सल एकच राहिली. रॉयच्या बाबतीत मी जिंकलो असं वाटायला हवं होतं आणि वाटत नव्हतं. सगळ्या दुकानासमोर त्याचं कार्ड पुसणारा हात माझा होता. त्या सबंध हिवाळ्यात रॉय आला नाही. दार वाजलं की मी मान वर करायचो.

तळ्यावरचं बर्फ वितळलं, मासेमारीचे दिवस आले. एका दुपारी दार उघडलं आणि रॉय आत आला. वाळला होता, दाढी वाढलेली. बंदुकांच्या भिंतीकडे त्यानं बघितलं नाही. गळांच्या रांगेत बराच वेळ उभा राहिला, एक काढून वाकवून बघितला, दोरी ओढून बघितली, वजन कमी आहे म्हणाला, किंमत जास्त आहे म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. तो गळ घेऊन माझ्यासमोर आला.

गळाला परवान्याचा फोन लागत नाही. मी किंमत मशीनवर मारायला लागलो. मान वर करायचा धीर होईना.

"मेस्त्री," तो म्हणाला, "विचारणार नाहीस?"

मी मशीनवरचा हात काढला आणि म्हटलं, "घरात इचारलंस?"

"ती ट्रकमध्ये बसलीय. जा, तूच विचार."

मी एप्रन काढून ठेवला आणि बाहेर गेलो. डोनानं काच खाली केली. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, रॉय गळ घेतोय, चालेल ना?

ती म्हणाली, "त्याला सांग, दोन घे. मी पण जाणार आहे."